डिजिटल डिस्प्ले अडॅप्टरच्या चित्रात ठिपके नाचतात तेव्हा: जुन्या संगणकातला दोष शोधण्याची पद्धत

वर्कबेंच या अमिगाच्या डेस्कटॉपचा निळा पडदा उघडला, पांढरी अक्षरं उमटली आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या उजव्या कडेला जांभळे ठिपके लुकलुकायला लागले. अमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकाचं चित्र आजच्या एचडीएमआय मॉनिटरवर दाखवणारा डिजिटल अडॅप्टर त्यात बसवल्यावर मला दिसलेलं हे पहिलं चित्र. पुढच्या चार संध्याकाळी मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, मेनूतली दिसेल ती सेटिंगं फिरवून पाहिली. उत्तर मात्र पहिल्या मिनिटापासून पडद्यावरच होतं. ठिपके जांभळेच का आणि उजवीकडेच का, हे दोन प्रश्न मी स्वतःला विचारलेच नव्हते.

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी पडला की मुंग्या दिसायच्या. त्या मुंग्यांवरून बिघाड कुठे आहे हे कळायचं नाही. डिजिटल चित्रातला ठिपका तसा नसतो. एका ठरावीक तारेवर, एका ठरावीक क्षणी, शून्याच्या जागी एक वाचला गेला किंवा उलट झालं, म्हणून तो ठिपका उमटतो. त्याचा रंग आणि त्याची जागा नीट वाचली तर निम्मं काम संगणक उघडण्याआधीच होतं. म्हणून या लेखात सोल्डरिंग गन बरीच उशिरा येते.

अडॅप्टर नक्की काय पाहतो

अमिगामध्ये चित्राचे रंग डेनिस नावाच्या ४८ पायांच्या आयसीतून बाहेर पडतात. लालच्या चार, हिरव्याच्या चार आणि निळ्याच्या चार अशा बारा तारा असतात, म्हणून एकूण ४०९६ रंग. नेहमीच्या वाटेने पुढे एका रेझिस्टरच्या जोडणीत या बारा तारांचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर होतं. डेनिसच्या सॉकेटात बसणारा अडॅप्टर त्याआधीच, चित्र अजून आकड्यांत असतानाच, ते उचलतो. बीबीसी मायक्रो हा संगणक आणि आयबीएम पीसीचं सीजीए हे चित्राचं कार्ड, दोन्ही १९८१ ची, यांच्या मागच्या सॉकेटातच रंग डिजिटल येतात. बीबीसीला तीन तारा आणि आठ रंग, सीजीएला चार तारा आणि सोळा रंग. १९८४ च्या ईजीए या पुढच्या कार्डाला सहा तारा आणि चौसष्ट रंग.

आरजीबी-टू-एचडीएमआय हा आज बराच वापरला जाणारा अडॅप्टर मुळात बीबीसी मायक्रोसाठी तयार झाला. त्यात रास्पबेरी पाय झीरो हा एक छोटा संगणक असतो आणि त्याच्या पुढे थोडं लॉजिक. इतर अडॅप्टरांची रचना वेगळी असली तरी काम तेच: प्रत्येक पिक्सेलच्या वेळात एकदा तारांकडे पाहायचं आणि जे दिसेल ते लिहून घ्यायचं.

हा वेळ फार थोडा असतो. अमिगाच्या हायरेझमध्ये, म्हणजे बारीक पिक्सेलच्या मोडमध्ये, एक पिक्सेल साधारण ७० नॅनोसेकंद टिकतो, सीजीएच्या ६४० च्या मोडमध्येही तेवढाच, बीबीसीच्या १६ मेगाहर्ट्झच्या मोडमध्ये ६२.५ नॅनोसेकंद. पिक्सेल सुरू झाला की तारा आपली किंमत बदलतात, थोड्या हेलकावतात आणि मग स्थिरावतात. अडॅप्टरने पाहायचं ते स्थिरावल्यानंतर. शिवाय त्या वेळी तारेवर २ व्होल्टच्या वर किंवा ०.८ व्होल्टच्या खाली इतका स्पष्ट दाब हवा, कारण टीटीएलच्या, म्हणजे जुन्या ५ व्होल्टच्या डिजिटल आयसींच्या, हिशेबात मधल्या पट्ट्याला अर्थच नाही.

म्हणजे चूक दोनच प्रकारे होते. पाहण्याची वेळ चुकली, नाहीतर तारेवरचा दाब मधल्या पट्ट्यात रेंगाळला. पुढच्या साऱ्या पायऱ्या या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी आहेत.

हात लावण्याआधी

आयसी किंवा अडॅप्टर काढता-बसवताना संगणक बंद करून पॉवर सप्लायची वायर आणि एचडीएमआय केबल दोन्ही काढा. एचडीएमआय केबल राहिली तर मॉनिटरकडून थोडा करंट येत राहू शकतो. आयसीला हात लावण्याआधी एखाद्या अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा. आणखी एक गोष्ट म्हणजे रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिना, म्हणजे सिग्नल घेण्या-देण्याच्या पिना, ३.३ व्होल्टच्या आहेत. जुन्या संगणकाचा ५ व्होल्टचा सिग्नल तिथे थेट जोडला तर रास्पबेरी पाय खराब होतो. मध्ये ५ व्होल्ट सोसणारी आयसी हवीच. एक्ससी९५७२एक्सएल ही सीपीएलडी (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी लॉजिक आयसी) या कामाला वापरतात ती त्याचसाठी: ती स्वतः ३.३ व्होल्टवर चालते, पण तिचे इनपुट ५ व्होल्ट घेऊ शकतात.

पहिली पायरी: चित्र थांबवा आणि फोटो काढा

पडद्यावर असं चित्र आणा की जे हलत नाही. लुकलुकणारा कर्सरही नको. त्यात मोठे सपाट रंग असावेत, बारीक अक्षरं असावीत आणि जमलं तर काळ्या-पांढऱ्या एकेका पिक्सेलच्या उभ्या रेघा असाव्यात. त्या रेघा सर्वांत कठीण परीक्षा घेतात, कारण प्रत्येक पिक्सेलला सगळ्या तारा एकदम उलटतात.

आता फोनने जवळून दोन फोटो काढा, मध्ये काही सेकंद जाऊ द्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

ठिपके दोन्ही फोटोंत त्याच जागी, त्याच रंगाचे असतील तर तो नाचणारा दोष नव्हे. तारेवर येणारी माहितीच चुकीची आहे, किंवा एखादी तार कायमची वर वा खाली अडकली आहे. ठिपके जागा बदलत असतील तर कुठेतरी काठावरचा निर्णय होतो आहे: कधी शून्य, कधी एक.

नंतर ठिपके कुठे येतात ते पाहा. माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगी प्रश्न हाच. सपाट निळ्या रंगात शंभर पिक्सेल एकाच किमतीचे असतात, तारा हलतच नाहीत. अडॅप्टरने दहा नॅनोसेकंद आधी पाहिलं काय किंवा नंतर पाहिलं काय, उत्तर तेच येणार. म्हणून वेळेची चूक सपाट रंगात दिसूच शकत नाही. ती फक्त डाव्या-उजव्या कडांवर दिसते, जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो. चौकोनाची वरची आणि खालची कड स्वच्छ, डावी-उजवी कड मात्र ठिपक्यांची, असं असेल तर खात्रीने वेळेकडे वळा. सपाट रंगातच ठिपके पडत असतील तर दाब, ग्राउंड किंवा संपर्क यांतलं काहीतरी बिघडलं आहे, आणि मेनूत कितीही वेळ घालवला तरी ते सुधारणार नाही.

दुसरी पायरी: ठिपक्याचा रंग वाचा

माझ्या जांभळ्या ठिपक्यांकडे परत येऊ. वर्कबेंच १.३ च्या निळ्या पार्श्वभूमीची किंमत लाल ०, हिरवा ५, निळा १० अशी असते. पांढऱ्या अक्षराची तिन्ही रंगांत १५. अक्षर संपून परत निळा सुरू होतो तेव्हा लालच्या चारही तारा १ वरून ० वर येतात. समजा त्यातली सर्वांत वजनदार तार, जिचं मूल्य ८ आहे, ती इतरांपेक्षा मागे राहिली. अडॅप्टर पाहतो त्या क्षणी लाल ० ऐवजी ८ दिसतो. लाल ८, हिरवा ५, निळा १० मिळून होतो जांभळा. अक्षराच्या डाव्या कडेला याच्या उलट घडतं. लाल ० वरून १५ वर जायला हवा, पण ती तार अजून खालीच, म्हणून लाल ७ वाचला जातो आणि पांढऱ्याच्या जागी फिकट आकाशी दिसतो. फोटो मोठा करून पाहिल्यावर मला डाव्या कडेचे ते फिकट आकाशी ठिपकेही सापडले. पांढऱ्याच्या शेजारी असल्याने नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नव्हते. उजवीकडे जांभळा आणि डावीकडे आकाशी, म्हणजे लालची एकच तार उशिरा पोहोचत होती. बारा तारांमधली एक तार सापडली आणि तेवढ्यासाठी एकही स्क्रू काढावा लागला नव्हता.

हेच गणित कुठल्याही संगणकाला लागू पडतं. ठिपका एकाच रंगाकडे झुकत असेल तर त्या रंगाच्या एखाद्या तारेवर संशय घ्या. फरक ठळक असेल तर वजनदार तार, फरक जेमतेम दिसत असेल तर हलकी. ठिपक्यांत सगळे रंग मिसळलेले असतील तर एका तारेचा दोष असण्याची शक्यता कमी. तेव्हा सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी तपासायच्या: क्लॉक (पिक्सेलची लय ठरवणारा ठोक्यांचा सिग्नल), पाच व्होल्ट, ग्राउंड. पूर्ण ओळच्या ओळ डावी-उजवीकडे हलत असेल तर रंगाच्या तारा सोडून द्या, दोष सिंकच्या, म्हणजे ओळ कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या, तारेत आहे.

चार तारांचे रंग असतील तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा पायऱ्यांची करडी पट्टी पडद्यावर आणा, आणि शक्य असेल तर लाल, हिरवी आणि निळी अशा आणखी तीन पट्ट्या. यात ७ आणि ८ यांच्या सीमेवर नजर ठेवा. डोळ्याला या दोन छटा जवळजवळ सारख्या, पण तारांवर ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चारही तारा एकाच क्षणी उलटतात. वेळ थोडी जरी चुकली तरी तिथे ० पासून १५ पर्यंत काहीही वाचलं जाऊ शकतं. मऊ करड्या पट्टीच्या बरोबर मध्यावर काळे किंवा लखलखीत ठिपके उमटले तर ते याच कारणाने. बीबीसी आणि सीजीएसारख्या संगणकांना एवढ्याची गरज नाही, रंगांच्या साध्या उभ्या पट्ट्या पुरतात.

तिसरी पायरी: अडॅप्टरचा स्वतःचा मेनू उघडा

अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण टाळू नका. अडॅप्टरचा मेनू अडॅप्टर स्वतः रंगवतो, जुन्या संगणकाचा त्यात हात नसतो. मेनूची अक्षरं स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल तर एचडीएमआय केबल, मॉनिटर आणि अडॅप्टरची पुढची बाजू ठीक आहे. मेनूवरही चमचम असेल किंवा मधूनच सगळा पडदा काळा होत असेल तर आधी केबल बदला, लांब केबल किंवा मधला स्प्लिटर काढा, दुसरा मॉनिटर लावून पाहा. मग पुढे जा.

चौथी पायरी: सेटिंग, पण बेताने

आधी मेनूत तुमच्या संगणकाचा योग्य प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंगांचा तयार संच, निवडला आहे ना ते पाहा. त्यानंतर तुमचा अडॅप्टर दोन जातींपैकी कुठल्या जातीचा आहे ते समजून घ्या. डेनिसच्या सॉकेटात बसणाऱ्या जातीला संगणकाचं क्लॉक आयतं मिळतं. मागच्या सॉकेटाला लागणाऱ्या जातीला फक्त रंग आणि सिंक मिळतात, पिक्सेलची लय तिला स्वतः बांधावी लागते. एका ओळीत किती पिक्सेल-ठोके आहेत हा आकडा तिला बरोबर सांगावा लागतो.

हे आकडे ठरलेले असतात. सीजीएमध्ये १४.३१८ मेगाहर्ट्झने एका ओळीत ९१२ ठोके. बीबीसीमध्ये १६ मेगाहर्ट्झ आणि ६४ मायक्रोसेकंदांची ओळ, म्हणून १०२४. पाल या टीव्ही पद्धतीच्या अमिगाच्या हायरेझमध्ये ९०८. आयबीएमच्याच एमडीए या एकरंगी कार्डात १६.२५७ मेगाहर्ट्झने ८८२. आकडा चुकला की पाहण्याची वेळ ओळीच्या डावीकडून उजवीकडे जाताना हळूहळू सरकते. काही भागात ती पिक्सेलच्या मध्यावर पडते, तिथे चित्र स्वच्छ. काही भागात बरोबर कडेवर पडते, तिथे ठिपके. पडद्यावर दिसतात ते उभे पट्टे: स्वच्छ, घाण, स्वच्छ, घाण. पूर्ण ओळीत असे दोन घाण पट्टे असतील तर आकडा दोनाने चुकला आहे, म्हणजे ९१२ च्या जागी ९१० किंवा ९१४ लागला असावा. ओळीचा काही भाग चित्राबाहेर जात असल्याने एखादा पट्टा दिसणारही नाही, तेवढं लक्षात ठेवून आकडा एकेकाने हलवून पाहा. पट्टे रुंद होत होत नाहीसे झाले की आकडा बरोबर बसला.

मग फेज. हे सेटिंग पिक्सेलच्या वेळात नक्की केव्हा पाहायचं ते ठरवतं. आरजीबी-टू-एचडीएमआय बीबीसीवर ९६ मेगाहर्ट्झचं क्लॉक वापरतो, म्हणून १६ मेगाहर्ट्झच्या एका पिक्सेलचे सहा भाग पडतात, प्रत्येक भाग साधारण १०.४ नॅनोसेकंदांचा. ऑटो कॅलिब्रेशन हे सगळे भाग वापरून पाहतं, लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडतं आणि जिथे फरक सर्वांत कमी तो भाग निवडतं. म्हणूनच त्या वेळी पडद्यावर न हलणारं, भरपूर बारकाव्यांचं चित्र हवं. रिकाम्या निळ्या पडद्यावर कॅलिब्रेशन केलं तर प्रत्येक भाग सारखाच चांगला ठरतो, आणि कर्सर लुकलुकत असेल तर त्याचा बदलही चूक म्हणून मोजला जातो. बीबीसीचा मोड ७ वेगळ्याने कॅलिब्रेट करा. त्याची अक्षरं एसएए५०५० या दुसऱ्याच आयसीकडून येतात आणि त्यांची लय वेगळी असते.

ऑटोवर सोडून देण्यापेक्षा एकदा हाताने सगळे भाग फिरवा आणि कागदावर लिहा: कुठल्या भागात ठिपके आहेत, कुठल्यात नाहीत. सहापैकी चार भाग स्वच्छ असतील तर सिग्नल निरोगी आहे. त्यांच्या मधला भाग निवडा आणि निर्धास्त राहा. एकच भाग स्वच्छ मिळत असेल तर आत्ता चित्र छान दिसलं तरी हार्डवेअरमध्ये काहीतरी दुखतं आहे. संगणक तापला, ऋतू बदलला की ठिपके परत येतील. सेटिंगने दोष झाकून तिथे थांबू नका, असं मी आग्रहाने सांगेन, कारण मी नेमकं तेच केलं होतं आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

पाचवी पायरी: जादाचं सगळं काढा, मग पाच व्होल्ट मोजा

मेमरीचं जादा कार्ड, अ‍ॅक्सिलरेटर, दुसरा ड्राइव्ह हे सगळं काढून संगणक उघडाबागडा चालवा. जादा कार्डं क्लॉकच्या तारेवर आणि पाच व्होल्टवर भार टाकतात. ठिपके गेले तर एकेक वस्तू परत लावून कुठली दोषी ते ठरवा.

मल्टिमीटरने पाच व्होल्ट मोजायचे ते अडॅप्टरजवळ, संगणक चालू असताना. पॉवर सप्लायच्या सुट्या टोकाला मोजलेला आकडा इथे कामाचा नाही. ४.७५ ते ५.२५ ही टीटीएल आयसींची नेहमीची मर्यादा आहे. अडॅप्टरपाशी ४.८ च्या खाली आकडा गेला तर मी पुढे तपासतो. त्यासाठी एक टोक पॉवरच्या सॉकेटाच्या पाच व्होल्टवर आणि दुसरं अडॅप्टरच्या पाच व्होल्टवर ठेवा. मीटर जे दाखवेल तो वाटेत हरवलेला दाब. तसंच ग्राउंडचंही करा. हरवलेला दाब ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेत गंजलेला कनेक्टर, थकलेला स्विच किंवा तडकलेलं सोल्डरिंग आहे. ग्राउंडकडची गळती बहुतेकजण मोजत नाहीत, पण तिने सगळ्या तारांची शून्य पातळीच वर उचलली जाते.

पडद्यावर वरून खाली हळू सरकणारा आडवा पट्टा आणि त्यातच ठिपके, हे पॉवर सप्लायच्या गुणगुणीचं लक्षण. ऑसिलोस्कोप असेल तर पाच व्होल्टवरची थरथर पाहा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असली तर छान, शंभरच्या बरीच वर असली तर आधी पॉवर सप्लाय दुरुस्त करा.

कपॅसिटर बदलण्याबद्दल लोक फार लवकर बोलतात. अमिगा ६०० आणि १२०० यांच्यातले पृष्ठभागावर बसवलेले इलेक्ट्रोलिटिक गळतात आणि बोर्ड खातात, ते बदलायलाच हवेत. अमिगा ५०० मधले पायवाले कपॅसिटर तुलनेने टिकाऊ आहेत. ठिपके दिसले म्हणून लगेच पूर्ण बोर्डाचे कपॅसिटर उपसू नका. मूळ दोष तसाच राहून वर एखादा ट्रॅक उखडण्याचा धोका असतो.

सहावी पायरी: सॉकेट आणि पाय

माझा दोष इथे सापडला, आणि सॉकेटात बसणाऱ्या अडॅप्टरांच्या बाबतीत मी आता सर्वांत आधी इथेच पाहतो.

चित्र चालू ठेवून, लाकडी काडीने अडॅप्टरच्या एकेका कोपऱ्यावर अगदी हलका दाब द्या. ठिपके वाढले, कमी झाले किंवा रंग बदलला तर संपर्कच दोषी. माझ्या संगणकात डाव्या टोकाला काडी टेकताच जांभळे ठिपके विझले, काडी उचलली की परत आले.

आता बंद करून आयसी काढा. दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडं थोडं उचला, एकदम नको. पाय चांदीसारखे चमकायला हवेत. करडे किंवा काळपट दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डाग हटला नाही तर मऊ खोडरबराने हळुवार घासा आणि परत पुसा.

त्यानंतर सॉकेट. जुन्या सॉकेटात प्रत्येक भोकात दोन चपट्या पात्या असतात, त्या आयसीचा चपटा पातळ पाय दोन्हीकडून धरतात. बऱ्याच अडॅप्टरांच्या खाली चौकोनी पिनांची पट्टी असते, ती पिन आयसीच्या पायापेक्षा बरीच जाड, साधारण ०.६४ मिलिमीटरची. ती घुसली की पात्या फाकतात, आणि एकदा फाकल्या की पूर्ववत येत नाहीत. नंतर तिथे मूळ आयसी परत बसवली किंवा पातळ पिनांचा अडॅप्टर लावला तर पाय नुसता टेकलेला राहतो. माझ्याकडे हेच घडलं होतं. आधी जाड पिनांचा एक अडॅप्टर लावून पाहिला होता, तो काढून दुसरा बसवला, आणि भिंगातून पाहिलं तेव्हा लालच्या एका तारेच्या भोकातल्या दोन पात्यांमध्ये सरळ फट दिसत होती.

नुसता टेकलेला पाय सिग्नल तोडत नाही, तो त्याला सुस्त करतो. संपर्कात ५०० ओहमचा अडथळा आला आणि पुढच्या इनपुटची व ट्रॅकची धारणा (कपॅसिटन्स) ३० पिकोफॅरड धरली तर दोन्हींचा गुणाकार १५ नॅनोसेकंद होतो. ७० नॅनोसेकंदांच्या पिक्सेलमधला पाचवा हिस्सा तिथेच खर्च. म्हणून लाल पूर्ण गेला नव्हता, फक्त उशिरा पोहोचत होता.

उपाय म्हणजे नवं सॉकेट. जमत असेल तर गोल, खरादी पिनांचं लावा. पण मग अडॅप्टरच्या पिनाही गोल आणि बारीक हव्यात, कारण चौकोनी पिन त्या भोकात जबरदस्तीनेच जाते. ४८ पायांचं सॉकेट काढणं हे सोल्डरिंगचा पुरेसा हात बसल्याशिवाय करायचं काम नाही. तोवर तात्पुरतं म्हणून फाकलेल्या पात्या बारीक सुईने आतल्या बाजूला ढकलता येतात. काही काळ निभू शकतं. बसवताना आयसीची खाच बरोबर बाजूला आहे हे दोनदा पाहा. उलटी बसलेली आयसी पहिल्याच क्षणी जाऊ शकते, आणि डेनिस आता नव्याने बनत नाही.

परत झाकण लावताना आतलं लोखंडी आवरण रास्पबेरी पायच्या वर टेकत नाही ना तेही बघा. टेकत असेल तर उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप मध्ये लावा.

सातवी पायरी: तारा आणि क्लॉक

स्वतः तारा ओढून अडॅप्टर जोडला असेल तर हा भाग तुमच्यासाठी. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत. चपट्या रिबन केबलमध्ये प्रत्येक सिग्नलच्या शेजारची तार ग्राउंडला जोडा, नाहीतर शेजारच्या तारेचा धक्का या तारेला बसतो. ग्राउंडची एकच लांब तार ओढून काम भागवू नका. किंमत बदलताना सिग्नल फार हेलकावत असेल तर तो जिथून निघतो तिथे ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. अडॅप्टरच्या टोकाला टाकला तर तितका उपयोग होत नाही. अडॅप्टरवरच्या आयसीच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी पायाजवळ असावा.

क्लॉकच्या तारेला वेगळी वागणूक द्या. रंगाच्या तारेवर धक्का बसला तर एक पिक्सेल बिघडतो, क्लॉकवर बसला तर एक ठोका जादा मोजला जातो आणि त्या ओळीचा उरलेला सगळा भाग सरकतो. अमिगामध्ये ७ मेगाहर्ट्झची दोन क्लॉकं पाव फेरीच्या अंतराने चालतात आणि दोन्ही मिळून १४ मेगाहर्ट्झ बनवता येतात. तशी रचना असलेल्या अडॅप्टरमध्ये त्यातलं एक क्लॉक कमजोर झालं की एकाआड एक उभी रेघ खराब दिसते. असं दिसलं तर त्या दोन पायांचे संपर्क सर्वांत आधी स्वच्छ करा.

तापमान

थंडपणी ठिपके आणि दहा मिनिटांनी स्वच्छ, तर म्हातारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा तडकलेलं सोल्डरिंग. थंडपणी स्वच्छ आणि अर्ध्या तासाने ठिपके, तर तापून सुस्त झालेली आयसी किंवा प्रसरण पावून सैल झालेला संपर्क. छोटा पंखा एकेका भागावर धरा आणि कुठे धरल्यावर ठिपके कमी होतात ते पाहा.

अडॅप्टर निर्दोष असेल तर

संगणकाला जुनी अ‍ॅनालॉग वाट असेल तर तिला मॉनिटर जोडून तेच चित्र पाहा. ठिपके तिथेही त्याच जागी असतील तर अडॅप्टरला सोडून द्या, चूक त्याच्या आधीच होते आहे. बहुतेकदा मेमरीत. अमिगामध्ये डेनिसला चित्र १६ बिटांच्या शब्दांत मिळतं, म्हणून मेमरीचा एक बिट अडकला की दर सोळा पिक्सेलनंतर एक उभी रेघ येते, अगदी मोजून सोळा. ती न लुकलुकणारी असते, आणि बऱ्याचदा संगणक अधूनमधून कोलमडतोही. अशा वेळी मेमरीची चाचणी चालवा.

दुरुस्तीनंतर

झाकण लावा, जादाची कार्डं परत बसवा, बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांचं चित्र पडद्यावर ठेवा आणि तासभर चालू राहू द्या. त्यानंतर फेजचे सगळे भाग पुन्हा फिरवून कागदावर लिहा. माझ्या अमिगात सॉकेट बदलल्यावर लालची ती तार इतर अकरांच्या बरोबरीने पोहोचायला लागली, आणि काडी कुठेही टेकवली तरी चित्र ढळलं नाही. स्वच्छ भाग किती मिळाले, कुठला निवडला, अडॅप्टरपाशी पाच व्होल्ट नक्की किती भरले, हे तीन आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. पुन्हा कधी ठिपके दिसले तर मोजणी त्या चिठ्ठीशी ताडून सुरू करता येईल.